फेझचं जुनं गावठाण पायी: उतार धरा, पाणी धरा

पायवाट

मोरोक्कोला जाणारी आपली मंडळी बरेचसे दिवस मराकेश आणि सहारात घालवतात. फेझच्या वाट्याला येते एखादी दुपार. तीही गाइडच्या मागे पळत चामड्याचे हौद बघण्यात आणि गालिच्याच्या दुकानात चहा पिण्यात संपते. मला हे मनापासून खटकतं, म्हणून हा धागा.

फेझ अल-बाली म्हणजे फेझचं जुनं गावठाण. तिथे मोटार शिरतच नाही. बाराशे वर्षं हे शहर माणूस, गाढव आणि खेचर यांच्या मापाने वाढलं आणि आजही त्याच मापाने चालतं. १९८१ मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारसा यादीत घेतलं, पण त्याचं संग्रहालय झालं नाही. गॅसच्या टाक्या खेचरावरून येतात, पोरं दप्तरं घेऊन शाळेत जातात, आणि मागून "बालाक! बालाक!" अशी आरोळी आली की भिंतीला चिकटून उभं राहायचं, कारण लादलेलं जनावर थांबत नाही.

सगळे विचारतात, "तिथे हरवायला होतं म्हणे?" हजारो गल्ल्या आहेत, त्यातल्या कितीतरी पुढे बंद. फोनवरचा निळा ठिपका उंच भिंतींमुळे भलत्याच घराच्या छपरावर जाऊन बसतो. पण या गावाचा स्वभाव एकदा समजला की वाट सापडते. गाव दरीच्या दोन्ही अंगांवर पसरलंय. वेशी बहुतेक वर, कडेला. तळाशी बू ख्रारेब नदी. गल्ली उतरत असेल तर तुम्ही गावाच्या काळजाकडे निघालात, चढत असेल तर तटबंदीकडे. एवढं पुरतं.

दुसरी खूण पाण्याची. पश्चिमेला रास अल-मा इथे झरे आहेत. तिथून निघणाऱ्या वाद फेझ नदीचं पाणी गावाच्या वरच्या टोकाला वाटून कालव्यांनी आणि मातीच्या नळांनी मशिदी, हमाम, पाणचक्क्या आणि घरांच्या हौदांपर्यंत नेलेलं होतं. वापरलेलं पाणी दुसऱ्या वाटेने थेट खालच्या नदीत. ही सगळी रचना मध्ययुगातली आहे. कोणता धंदा कुठे बसला हेही यावरून कळतं. रंगारी आणि कातडी कमावणारे नदीकाठी, कारण त्यांना पाणी भरपूर लागतं आणि घाण लगेच वाहून जायला हवी. कुंभारांच्या भट्ट्या धुरामुळे कडेला, आणि आता तर गावाबाहेर, ऐन नोकबी नावाच्या भागात. अत्तरं, मेणबत्त्या, पुस्तकं, दागिने असा स्वच्छ आणि मोलाचा माल मात्र करवियीन मशिदीला खेटून. म्हणजे नुसत्या वासावरूनही आपण कुठे आहोत याचा अंदाज येतो.

पहिल्या फेरीसाठी माझी वाट अशी. बाब बू जलूदमधून आत शिरा. हा निळा दरवाजा सगळे प्राचीन समजून फोटोत घेतात. तो १९१३ चा, फ्रेंच अमलातला आहे. बाहेरच्या अंगाला निळा, आतल्या अंगाला हिरवा. जुना, साधा, वाकड्या वाटेचा दरवाजा शेजारीच आहे, तोही बघा. आत गेल्यावर दोन मुख्य वाटा खाली उतरतात, तलआ कबीरा आणि तलआ सगीरा. कबीरा धरा.

पाच मिनिटांत बू इनानिया मदरसा येतो. मरिनी घराण्यातल्या सुलतान अबू इनानने १३५० ते १३५५ या काळात बांधलेला. इथे घाई करू नका. चौकात उभं राहून भिंत खालून वर वाचा. छातीच्या उंचीपर्यंत झलीज, म्हणजे हातोडीने एकेक तुकडा तासून जुळवलेल्या रंगीत फरशा. त्यावर चुन्यात कोरलेली जाळी आणि अक्षरं. त्याच्याही वर देवदारचं लाकूड, वयाने काळपट झालेलं. एकाच नक्षीला तीन वेगळे हात लागलेत आणि सांधा कुठे दिसत नाही. चौकाच्या आणि नमाजाच्या दालनाच्या मधून पाण्याचा पाट वाहतो, वर सांगितलं त्याच पाण्याचा. मदरशाबाहेर, गल्लीच्या समोरच्या भिंतीवर दार अल-मगाना, १३५७ चं पाणघड्याळ. बारा खिडक्या आणि खाली पितळी वाडग्यांसाठी लाकडी हात. ते नेमकं कसं चालायचं हे आता कुणालाच ठाऊक नाही.

पुढे उतरत राहा. चपलांचा बाजार, मग अत्तारीन, म्हणजे मसाले-अत्तरांचा बाजार. शहराचा संस्थापक मौले इद्रीस याच्या दर्ग्याकडे जाणाऱ्या गल्ल्यांत एक लाकडी दांडा आडवा लावलेला दिसेल, छातीएवढ्या उंचीवर. तिथून पवित्र हद्द सुरू होते. जनावरांना पुढे वाट नाही आणि माणसाला वाकूनच जावं लागतं. दर्ग्याच्या बाहेरच्या भिंतीत पितळी चौकटीचं एक भोक आहे. जाता येता बायका त्यात हात घालून पुटपुटतात. कडा इतक्या हातांनी गुळगुळीत झाल्या आहेत.

नंतर अत्तारीन मदरसा (१३२३ ते १३२५, आकाराने लहान पण माझ्या मते बू इनानियाहून नाजूक), करवियीनचे दरवाजे आणि सफ्फारीन चौक. चौकात तांबट बसतात. मोठाल्या कढया ठोकतात, आणि एकाचा ठोका दुसऱ्याच्या ठोक्याच्या मधल्या जागेत पडतो. तिथून रंगाऱ्यांची गल्ली, पूल, नदी. पोचलात तळाला.

वाटेत एखाद्या फर्रानपाशी थांबा. फर्रान म्हणजे मोहल्ल्याची भट्टी. घरी मळलेल्या पिठाच्या चपट्या भाकरी फळीवर ठेवून, वर फडकं टाकून पोरं घेऊन येतात. भट्टीवाला खड्ड्यात उभा असतो, कमरेइतका खाली, आणि लांब दांड्याच्या लाकडी फावड्याने भाकरी आत सरकवतो. कोणती भाकरी कुणाची हे तो विसरत नाही. प्रत्येक मोहल्ल्याला मशीद, कुराण शिकवणारी शाळा, पाण्याचा नळ, हमाम आणि फर्रान, या पाच गोष्टी हव्यातच, असा इथला जुना शिरस्ता. त्या पाच शोधत फिरा, मोहल्ला आपोआप उलगडतो.

घरं बाहेरून काहीच सांगत नाहीत. कोरी भिंत, एक जाड दार. आत आपल्या वाड्यासारखा चौक, आणि सगळी श्रीमंती त्या चौकाकडे तोंड करून.

प्रश्न विचारा. जेवढं माहीत आहे तेवढं सांगेन.

मोहोर

फार सुंदर लिहिलंय. वेशींची नावंही द्या ना. आणि आम्ही शाकाहारी आहोत, सोबत सत्तरीतले सासू-सासरे असतील. हा उतार त्यांना झेपेल का?

जास्वंदी

मलाही विचारायचं होतं, पण वेगळं. मी एकटी जाणार आहे. बाईने एकटीने गल्ल्यांतून फिरणं कसं आहे? खरं सांगा, नुसता धीर देऊ नका.

निळी_खिडकी

जास्वंदी, मी फ्रान्समध्ये असते, त्यामुळे मोरोक्कोला जाणं सोपं पडतं. फेझला एकटी आणि मैत्रिणींबरोबर, दोन्ही तऱ्हांनी गेले आहे.

दिवसा गल्ल्या माणसांनी भरलेल्या असतात. चालताना माझ्या जिवाला धोका आहे असं वाटलं नाही. त्रास आहे तो पाठलागाचा आणि बोलण्याचा. "हॅलो, इंडिया? शाहरुख खान!" ने सुरुवात होते. हिंदी सिनेमाचं वेड खरंच आहे आणि म्हातारी माणसं मनापासून जुन्या सिनेमातली गाणी म्हणून दाखवतात, तेव्हा फार छान वाटतं. पण तरुण पोरांत एक प्रकार असतो: "पुढे रस्ता बंद आहे, टॅनरी इकडे, आज शेवटचा दिवस." रस्ता बहुधा बंद नसतो. न थांबता, न हसता "ला, शुक्रान" (नको, धन्यवाद) म्हणायचं आणि चालत राहायचं. फार मागे लागला तर जवळच्या दुकानात शिरायचं. दुकानदार, त्यातही वयस्कर, लगेच त्याला हाकलतात.

रात्री मात्र वेगळं. दुकानांच्या फळ्या लागल्या की मुख्य वाटासुद्धा एकदम रिकाम्या होतात आणि आतल्या दर्बांत, म्हणजे बोळांत, उजेड फारच थोडा. मी अंधार पडल्यावर तलआ कबीरा किंवा सगीरा सोडून आत जात नाही. राहायची जागा निवडताना ती मुख्य वाटेपासून किती वळणं आत आहे हे विचारूनच घ्या. रियादवाले (रियाद म्हणजे चौकाच्या जुन्या घरातलं पाहुणघर) दरवाज्यापाशी माणूस पाठवतात, संध्याकाळी पोचत असाल तर आधी सांगून ठेवा.

कपडे खांदे आणि गुडघे झाकणारे. सलवार कमीज उत्तम. ओढणीचा उपयोग उन्हालाही होतो.

आणि हमाम चुकवू नका. मोहल्ल्याच्या हमामला बायकांच्या वेळा ठरलेल्या असतात. काळा साबण, घासायचा खरखरीत हातमोजा, आणि शेजारची अनोळखी बाई हक्काने तुमची पाठ घासून देते. गल्लीत बायका कमी दिसतात असं वाटत असेल तर त्या इथे भेटतात.

पायवाट

निळी_खिडकी, तुम्ही लिहिलंत ते मला लिहिता आलं नसतं. धन्यवाद.

मोहोर, उतरणं झेपेल. चढून परत येणं नको. बू जलूदहून खाली जाणारी वाट जेमतेम दीड किलोमीटर असेल, पण पायऱ्या, ओली फरशी आणि जनावरं आहेत. तळाशी रसीफचा चौक आहे, तिथपर्यंत गाड्या आणि बस येतात. म्हणजे सकाळी वरून शिरायचं, चहाला बसत बसत उतरायचं आणि रसीफहून टॅक्सीने परत. वयस्कर माणसांना हेच योग्य. बूट रबरी तळाचे. पावसात त्या फरशा निसरड्या होतात.

वेशींमध्ये पश्चिमेला बू जलूद, उत्तरेला बाब गीसा, आग्नेयेला बाब फ्तूह या तीन लक्षात ठेवा.

जेवणाचं बघा. सकाळी बिसारा मिळतं, वाळलेल्या बाकला शेंगांच्या दाण्यांचं दाट सार, वरून ऑलिव्हचं तेल आणि जिरेपूड. पोट भरतं आणि पूर्ण शाकाहारी असतं. झालूक म्हणजे वांगं-टोमॅटोचं भरीत. तक्तूका भोपळी मिरची-टोमॅटोची. माकूदा बटाट्याची तळलेली टिक्की. मसेमन म्हणजे घड्या घातलेला पराठा, हर्शा रव्याची जाड पोळी, दोन्ही मधाबरोबर. वाटाणे, मसूर, पांढऱ्या घेवड्याच्या उसळी छोट्या खाणावळींत असतात. सावध राहायचं ते हरीरा सूप आणि भाज्यांच्या कुसकुसबाबत. वर भाज्या दिसतात पण बहुतेक वेळा मांसाच्या रश्शात शिजवलेलं असतं. ताजीनचंही तेच. "बला लहम", मांसाशिवाय, असं सांगा आणि रश्शाबद्दल वेगळं विचारा. राहत्या घरी आदल्या दिवशी सांगितलं तर ते वेगळं शिजवून देतात.

शुक्रवारी दुपारी बाजार जवळजवळ बंद. काही जण तो दिवस टाळतात. मी उलट म्हणेन, इमारती आणि दरवाजे शांतपणे बघायला शुक्रवारसारखा दिवस नाही. जुलै-ऑगस्टचा उन्हाळा टाळा, पारा चाळिशी गाठतो. आणि रमजानमध्ये दिवसा खाण्याची गैरसोय होते, पण रात्र जागी असते.

घाटवाट

+१. वाचनखूण साठवली आहे.

देवगिरीकर

पायवाट, तुम्ही अबू इनानचं नाव घेतलंत आणि मी खुर्चीतून पुढे सरकलो. या सुलतानाचं आपल्या मातीशी थेट नातं आहे आणि ते इथे नोंदवल्याशिवाय राहवत नाही.

चौदाव्या शतकातला प्रवासी इब्न बतूता टँजियरचा. १३२५ मध्ये घरातून निघाला तो १३४९ मध्ये फेझला परतला. नंतर अंदलूस (मुस्लिम स्पेन) आणि मालीची सफर करून पुन्हा फेझला आला, तेव्हा याच अबू इनानने हुकूम दिला की जे पाहिलंस ते सांग आणि इब्न जुझय्य या लेखकाने ते लिहून घ्यावं. १३५५ च्या अखेरीस ते लिखाण पुरं झालं. तुम्ही ज्या मदरशाच्या चौकात उभं राहायला सांगता, तो ज्या वर्षांत पुरा होत होता त्याच वर्षांत, त्याच शहरात, एक माणूस दौलताबादबद्दल सांगत बसला होता!

मुहम्मद तुघलकाचा वकील म्हणून चीनला निघालेला असताना, १३४२ च्या सुमारास, तो दौलताबादेत आला होता. त्याने किल्ला वर्णिलाय, तिथल्या तुरुंगातले मांजराहून मोठे उंदीर सांगितलेत, गवयांचा आणि गायिकांचा तरबाबाद नावाचा बाजार सांगितलाय, मधोमध घुमटाची इमारत आणि आत गालिचे. दौलताबादेत द्राक्षं आणि डाळिंबं वर्षातून दोनदा येतात हेही. पुढे नंदुरबारला तो मराठ्यांबद्दल लिहितो: कारागिरीत कुशल, वैद्य आणि ज्योतिषी, जेवणात भात, भाज्या आणि तिळाचं तेल, जेवण्याआधी अंघोळ, आणि प्राण्यांना इजा करणं त्यांना आवडत नाही.

चौदाव्या शतकातल्या मराठी माणसाच्या ताटात काय होतं हे सांगणारे साक्षीदार आपल्याकडे मोजके आहेत. त्यातला एक फेझमध्ये बसून बोलला. मी दौलताबादजवळ वाढलो. तो उंच कातळ आणि तो अंधारा भुयारी रस्ता पाहतच मोठा झालो. फेझला गेलो तर बू इनानियाच्या पाटापाशी जरा वेळ बसेन.

पायवाट

देवगिरीकर, अंगावर काटा आला. इतिहासकार इब्न खल्दूनही तरुणपणी याच अबू इनानच्या दरबारात फेझमध्ये होता. एका शहरात, काही वर्षांच्या आत, एवढी माणसं! आणखी एक. करवियीनपासून जवळच मेंदीचा बाजार आहे, मोठ्या झाडांखाली, मातीच्या भांड्यांची आणि मेंदीची दुकानं असलेला. त्याच्या कडेला सीदी फ्रेजचा दवाखाना होता, तेराव्या शतकातला, मनोरुग्णांसाठीही. हसन अल-वज्जान, ज्याला युरोपात लिओ आफ्रिकानस म्हणतात, तो तरुणपणी तिथे लेखनिक होता. नंतर चाच्यांनी पकडून त्याला रोमला पोपकडे दिलं आणि तिथे त्याने आफ्रिकेचं वर्णन लिहिलं. त्यात फेझवर जितक्या बारकाईने लिहिलंय तितकं दुसऱ्या कुठल्याच शहरावर नाही.

ताम्रपट

करवियीनबद्दल थोडी भर घालतो, कारण समाजमाध्यमांवर त्याची एकच ओळ फिरत असते: "जगातलं पहिलं विद्यापीठ, एका बाईने स्थापन केलं."

परंपरा अशी. ट्युनिसियातल्या कैरवानहून आलेल्या कुटुंबातल्या फातिमा अल-फिहरीने ८५९ मध्ये वारशाच्या पैशांतून मशीद बांधली, आणि तिची बहीण मरियमने नदीपलीकडे अंदलूस मशीद. ही कथा आपल्याला मिळते ती इब्न अबी झरच्या इतिहासग्रंथातून, आणि तो चौदाव्या शतकातला आहे. मध्ये साडेचार शतकांचं अंतर. विसाव्या शतकात दुरुस्तीच्या वेळी एक कोरीव लेख सापडला. त्यात दाऊद बिन इद्रीसने ८७७ मध्ये मशीद उभारल्याचं म्हटलंय. त्यामुळे काही अभ्यासक फातिमाच्या कथेबद्दल साशंक आहेत. "विद्यापीठ" हा शब्दही वादाचा. मशिदीत शिकवण्याची परंपरा शतकानुशतकं होती हे निर्विवाद, पण आजच्या अर्थाने सरकारी विद्यापीठ झालं १९६३ मध्ये.

मला स्वतःला फातिमाची कथा टाकून द्यावीशी वाटत नाही. दोन काठांवर दोन बहिणींनी दोन मशिदी बांधल्या, असं शहराने सातशे वर्षं सांगत राहावं, यालाही इतिहास म्हणून वजन आहे. फक्त दगडावरचं आणि पोथीतलं वेगवेगळं ठेवावं.

तिथल्या ग्रंथालयाचं नूतनीकरण फेझमध्येच जन्मलेल्या स्थापत्यकार अझीझा शावनी यांनी केलं. ओलीने पोखरलेली इमारत होती. पाण्याच्या ज्या व्यवस्थेचं पायवाट यांनी कौतुक केलं, तीच दुर्लक्षित झाल्यावर काय करते त्याचं हे उदाहरण. इब्न खल्दूनच्या ग्रंथाचं हस्तलिखित त्या संग्रहात आहे.

जास्वंदी

मशिदीत आत जाता येतं का?

ताम्रपट

मुस्लिमांनाच. मोरोक्कोत बहुतेक मशिदींना हाच नियम, कासाब्लांकाची हसन दुसरा मशीद हा मोठा अपवाद. करवियीनला अनेक दरवाजे आहेत. नमाजाच्या वेळा सोडून एखादा उघडा असेल तर उंबऱ्याबाहेरून आतला चौक दिसतो. नमाज चालू असताना दारात कॅमेरा घेऊन उभं राहू नये.

कोल्हापुरी_करकर

आमच्या घरात चपलांचा धंदा, म्हणून मला फेझमधल्या शुआरा टॅनरीच्या हौदांबद्दल विचारायचं आहे. सगळीकडे वरून काढलेले रंगीत फोटो दिसतात. काम काय चालतं ते कुणी सांगत नाही.

आमच्याकडे जुन्या पद्धतीत चुन्याने केस सैल करून घेतले की कातडं बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात कमावतात. कातडं शिवून पिशवी करायची, त्यात ते पाणी भरायचं आणि टांगून ठेवायचं. फार दिवसांचं काम. तिथे कसं?

पायवाट

तुम्ही विचारलंत याचा आनंद झाला. दोन तऱ्हेचे हौद आहेत. पांढरे आणि तपकिरी. पांढऱ्यांत चुना आणि कबुतराची विष्ठा असते. चुन्याने केस आणि चरबी सुटते, मग ते खरवडून काढतात. विष्ठेच्या पाण्यात कातडं मऊ पडतं, रंग पकडायला तयार होतं. ही विष्ठा गावातल्या माणसांकडून विकत घेतली जाते. त्यानंतर तपकिरी हौद, रंगांचे. माणसं मांडीपर्यंत आत उतरून कातडी पायांनी तुडवतात. मेंढी, बकरी, गाय आणि उंट अशी चारही कातडी येतात. वाळवायला आजूबाजूची छपरं आणि टेकडीचा उतार. रंग सगळे वनस्पतीचे असल्याचं दुकानात सांगितलं जातं. तसं समजून विकत घेऊ नका, रासायनिक रंगही वापरात आहेत.

बघायला वेगळं तिकीट नाही. आजूबाजूच्या चामड्याच्या दुकानांच्या गच्च्यांवरून बघायचं. दारात पुदिन्याची काडी देतात, ती नाकाला धरा. खाली उतरताना दुकानातून यावं लागतं आणि तिथे आग्रह होतो. घ्यायचं नसेल तर वर नेणाऱ्या माणसाला थोडे दिरहम द्या आणि नम्रपणे निघा. सकाळी जा, तेव्हा हौदांत काम जोरात असतं.

कोल्हापुरी_करकर

धन्यवाद. पांढऱ्या हौदांचा खुलासा कुठे वाचला नव्हता. आणखी एक म्हणतो. वरून फोटो काढताना खाली उभ्या माणसाचे पाय चुन्यात आहेत हे लक्षात ठेवा. आमच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांचे हात त्या कामाने कायमचे फाटले. कारागिराच्या चेहऱ्याचा फोटो हवा असेल तर विचारून काढा. बाबूश, ती मागून उघडी चप्पल, घेणार असाल तर टाचेचा भाग दोन्ही हातांनी वाकवून बघा. चांगलं कमावलेलं कातडं वाकतं, घडीवर पांढरी रेष उमटत नाही. आणि शिवण आतून बघा.

घाटवाट

गाइड घ्यावा की नाही? यावर घरात वाद चालू आहे.

निळी_खिडकी

पहिल्या सकाळी घ्या, नंतर नको. गळ्यात अधिकृत ओळखपत्र असलेला, राहत्या जागेमार्फत किंवा पर्यटन कार्यालयातून. आधीच स्पष्ट सांगा की दुकानं नकोत. दुकानदाराकडून दलाली मिळते, ती गेली की काही जण नाराज होतात. त्यामुळे मोबदला आधी ठरवून, चांगला द्या. रस्त्यात सोबत चालू लागलेला पोरगा हा गाइड नव्हे.

पायवाट

मी याच्याशी निम्मा सहमत. इमारतींसाठी गाइड हवा, कारण बू इनानियाच्या भिंतीवर काय लिहिलंय ते आपल्याला वाचता येत नाही. मोहल्ल्यांसाठी नको. गाइडबरोबर माणूस गाइडच्या पाठीकडे बघत चालतो आणि वाट लक्षात राहत नाही.

ताम्रपट

इतकं जुनं गाव इतकं शाबूत कसं राहिलं, हे कुणी विचारलं नाही म्हणून सांगतो. ३० मार्च १९१२ रोजी फेझच्या तहाने मोरोक्को फ्रान्सच्या संरक्षणाखाली गेला. फ्रान्सचा तिथला मुख्य अधिकारी, रेसिडेंट जनरल ल्योते, याने धोरण ठरवलं की जुन्या गावाला हात लावायचा नाही, नवं शहर बाहेर वसवायचं. राजधानी रबातला नेली. गाव वाचलं, पण व्यापारी घराणी हळूहळू नव्या शहरात आणि कासाब्लांकाला गेली. त्यांच्या रिकाम्या घरांत खेड्यांतून आलेली गरीब कुटुंबं राहू लागली, एका खोलीत एक. दुरुस्तीला पैसा कुणाकडे? गल्ल्यांत दोन भिंतींच्या मध्ये लाकडी तुळया आडव्या ठोकलेल्या दिसतात, त्या घरं कोसळू नयेत म्हणून. त्यामुळे गाव "कालातीत" आहे असं कुणी म्हटलं की मला त्रास होतो. ते तसं ठेवलं गेलं, आणि त्याची किंमत तिथे राहणाऱ्यांनी मोजली.

पायवाट

ताम्रपट, हे फार गरजेचं होतं. त्या तुळयांखालून जाताना वर नक्की बघा, जुन्या देवदारच्या सज्जांचं काम त्यांच्यामागे लपलेलं असतं.

मोहोर

आमचा दुसरा दिवसही मोकळा आहे. त्या दिवशी काय करू?

पायवाट

नदी ओलांडा. बहुतेक पर्यटक तिथे परत फिरतात. पलीकडे अंदलूसियांचा मोहल्ला. ८१८ मध्ये कोर्दोबात बंड मोडून काढलं गेलं, तेव्हा हाकलून दिलेली कुटुंबं इथे वसली, म्हणून हे नाव. दुकानं कमी, आग्रह जवळजवळ नाही. चढून गेलं की अंदलूस मशिदीचा भव्य दरवाजा, वर लाकडी छज्जा आणि खाली झलीज. जवळच सहरीज मदरसा, चौकात लांबट हौद, मरिनी काळातलाच, गर्दी फार थोडी. वरच्या अंगाला चढलात की मागे वळून बघा, पलीकडच्या उतारावर करवियीनची हिरवी कौलं आणि तुम्ही काल उतरलेली सगळी वाट एका नजरेत येते.

वेळ उरला तर फेझ अल-जदीद. "नवं" म्हणतात ते १२७६ चं. तिथल्या मल्लाहमध्ये, म्हणजे ज्यूंच्या जुन्या वस्तीत, घरांना रस्त्याकडे लाकडी सज्जे आहेत. जुन्या गावातल्या कोऱ्या भिंतींनंतर हे लगेच डोळ्यांत भरतं. सतराव्या शतकातलं इब्न दनान सिनेगॉग दुरुस्त करून उघडलंय.

सासू-सासऱ्यांना अंदलूसच्या चढावर चालवू नका. टॅक्सीने बाब फ्तूहपर्यंत जा आणि तिथून रसीफकडे उतरत या. टॅक्सी लाल, छोटी. मीटर टाकायला आधीच सांगा. एका टॅक्सीत तीनच माणसं घेतात, तुम्ही चौघं असाल तर दोन कराव्या लागतील.